मशीन उघडायची सवय : कोल्हापूरचा कॅमेरा, जिस्ट कार्ड आणि एक जुना लॅपटॉप

 

आजचा विषय लॅपटॉप. त्यातही त्याचा कीबोर्ड, डिस्प्ले आणि स्टोरेज बदलणं. आता तुम्ही म्हणाल, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे की रिपेअरिंगचा? थोडा दम धरा. या तिन्ही गोष्टींना इतिहास आहे, त्यात मराठी भाषेचा मोठा वाटा आहे, आणि सुरुवात आपल्या कोल्हापुरातूनच होते. तेही कॉम्प्युटरचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी.

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा एक स्तंभ आहे. आपण गाडीवरून जाताना त्याच्याकडे बघतो आणि पुढं जातो. तो आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांच्या आठवणीचा. हे दोघं मावसभाऊ की आतेभाऊ यात आपण पडू नको, भाऊ होते एवढं पुरे. आडनाव मिस्त्री, धंदा चित्रकलेचा, नाटकाचे पडदे रंगवायचा. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघांच्या डोक्यात सिनेमा शिरला. अडचण एकच, कॅमेरा नव्हता. परदेशी कॅमेरा महाग, आणि महायुद्ध सुरू झाल्यावर तर मागवणंही अवघड.

मग त्यांनी काय केलं? प्रोजेक्टर मिळवला आणि तो खोलून बघितला. यात अक्कल अशी आहे, की प्रोजेक्टर आणि कॅमेरा आतून जवळजवळ सख्खे भाऊ असतात. दोन्हींत फिल्म एक चौकट सरकते, क्षणभर थांबते, परत सरकते. प्रोजेक्टरमध्ये उजेड आतून बाहेर जातो, कॅमेऱ्यात बाहेरून आत येतो. १८९५ मध्ये ल्युमिएर बंधूंचं यंत्र तर दोन्ही कामं करत होतं. ज्यानं प्रोजेक्टर आतून नीट बघितला, त्याला कॅमेऱ्याचा रस्ता अर्धा सापडला.

उरलेला अर्धा रस्ता मात्र फार कष्टाचा निघाला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. विष्णुपंत दामले सोबतीला होते. १९१८ मध्ये कॅमेरा तयार झाला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाचं बळ दिलं आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० मध्ये 'सैरंध्री' पुण्यात पडद्यावर आला, आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं.

हेच दामले पुढं १९२९ मध्ये कोल्हापुरात 'प्रभात' सुरू करणाऱ्यांपैकी एक. बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणाचं काम त्यांनी अंगावर घेतलं. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' कोल्हापुरातच तयार झाला. म्हणजे मूकपटाचा कॅमेरा बनवायला हात लावणारा माणूस चौदा वर्षांत आवाजाच्या मशीनपर्यंत पोचला. आजच्या भाषेत याला 'अपग्रेड' म्हणतात.

ही गोष्ट आधी सांगायचं कारण असं, की कुठलंही यंत्र आपल्याकडं येतं तेव्हा ते दुसऱ्या कुणाच्या तरी गरजेसाठी बनलेलं असतं. मग आपल्यापुढं दोन वाटा असतात. आपण यंत्राप्रमाणं बदलायचं, किंवा यंत्राला आपल्याप्रमाणं बदलायचं. मराठीनं या दोन्ही वाटा चालून बघितल्या आहेत.

कीबोर्ड : लिपी वाकली की यंत्र वाकलं?

पहिली वाट आधी बघू. इंग्रजीला २६ अक्षरं. देवनागरीला स्वर, व्यंजनं, काना-मात्रा, वर रफार, खाली उकार, आणि त्यावर जोडाक्षरं. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याच्या पुढ्यात शेकडो खण असायचे. टाइपरायटरवर तेवढ्या कळा मावणार कुठं? मग लिपीच आटोपशीर करा, असा विचार पुढं आला. सावरकरांनी रत्नागिरीत असताना लिपिशुद्धीची चळवळ चालवली. 'इ'ऐवजी 'अि', 'उ'ऐवजी 'अु' लिहायचं, म्हणजे स्वरांचे वेगळे खिळे लागणार नाहीत. आपल्या शेजारच्या किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्या 'किर्लोस्कर' मासिकानं ही पद्धत छपाईत वापरलीही होती. जुन्या रद्दीत कधी 'अितिहास' असं छापलेलं दिसलं, तर तो मुद्राराक्षस नव्हे, हा इतिहास आहे.

ही पद्धत टिकली नाही. लोक पुन्हा 'इ' लिहायला लागले. टाइपरायटर मात्र टिकला. गोदरेजनं १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला, आणि मराठी यंत्रावर रेमिंग्टन पद्धतीची कळांची मांडणी रुळली. आपल्या आई-वडिलांच्या पिढीत टायपिंगच्या क्लासला जाऊन जी बोटं बसवली जायची ती हीच. तिचं सूत्र सोपं होतं, जसं कागदावर दिसतं तसं टाइप करायचं. 'कि' दिसताना वेलांटी आधी दिसते, म्हणून वेलांटीची कळ आधी. यंत्राचा गाडा उजवीकडून डावीकडं सरकतो, त्याला दुसरं काही कळत नाही.

मग आला कॉम्प्युटर, आणि दुसरी वाट उघडली.

८०च्या दशकात भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं भारतीय लिप्यांसाठी एकच मांडणी ठरवली, इन्स्क्रिप्ट. १९८६ मध्ये ती आली, १९८८ मध्ये सुधारली गेली, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोच्या 'इस्की' या मानकात तिला जागा मिळाली. तिची कल्पना फार देखणी आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. क च्या कळेवर शिफ्ट दाबला की ख. ग वर शिफ्ट दाबला की घ. त वर थ, द वर ध. आपण पहिलीत जी बाराखडी आणि वर्णमाला घोकली, तीच कीबोर्डवर पसरून ठेवली आहे.

'कोल्हापूर' हा शब्द इन्स्क्रिप्टमध्ये टाइप करून बघा. क, ओ-ची मात्रा, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ उकार, र. नऊ कळा, एकही शिफ्ट नाही. शब्द जसा तोंडातून निघतो त्याच क्रमानं बोटं चालतात. वेलांटी इथं व्यंजनाच्या नंतर दाबायची, कारण उच्चार तसा आहे. ती पडद्यावर आधी दाखवायची जबाबदारी यंत्राची. बघा, आता कोण कुणासाठी वाकलं ते!

डिस्प्ले : पडद्यावर मात्रा मावेना

पण यंत्र असं सहज वाकलं नाही. सुरुवातीच्या पीसीचा पडदा अक्षरांचे चौकोन मांडायचा. आडवे ८०, उभे २५. सीजीए नावाच्या सुरुवातीच्या रंगीत डिस्प्ले कार्डावर एका अक्षराला जागा मिळायची आठ बाय आठ ठिपक्यांची. इंग्रजी 'ए' त्यात आरामात बसतो. आता त्या आठ ठिपक्यांच्या उंचीत 'र्की' बसवा. वर रफार, वर वेलांटीचा फाटा, मग शिरोरेघ, मग क. खाली उकार आला तर तो शेजाऱ्याच्या घरात. हे सॉफ्टवेअरनं सुटणारं नव्हतं, कारण पडद्यावर काय उमटायचं ते कार्डावरच्या चिपमध्ये कोरलेलं होतं.

यावरचं उत्तर कानपूरच्या आयआयटीत घडलं आणि पुण्यात वाढलं. त्याचं नाव जिस्ट. मोहन तांबे हे या कामातलं महत्त्वाचं नाव. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली. परम संगणकामुळं आपल्याला विजय भटकर आणि सी-डॅक ठाऊक असतात, पण मराठी माणसाच्या रोजच्या कामाला जे लागलं ते जिस्ट.

जिस्ट कार्ड म्हणजे एक छापील सर्किटची पाटी. ती वापरायला काय करायचं? पीसीचं झाकण काढायचं, आतल्या रिकाम्या स्लॉटमध्ये कार्ड दाबून बसवायचं, झाकण लावायचं. बस्स. त्यानंतर डॉसमध्ये चालणारे वर्डस्टार आणि डीबेससारखे प्रोग्रॅम, ज्यांना बनवताना मराठीचा विचारही कुणी केला नव्हता, ते मराठीत चालायचे. प्रोग्रॅमला वाटायचं आपण नेहमीसारखे आकडे पाठवतोय. मधे बसलेलं कार्ड ते आकडे पकडून देवनागरी काढायचं. आणि इस्कीमध्ये सगळ्या ब्राह्मीकुळातल्या लिप्यांना समान क्रमांक असल्यामुळं तोच मजकूर कन्नडमध्येही उमटवता यायचा. आपल्या सीमाभागात याची किंमत वेगळी सांगायला नको.

माझा मुद्दा इथं आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मराठी नीट दिसायला लागली त्या काळात त्याचा एक राजरस्ता मशीन उघडण्यातून जात होता. त्या पीसीला स्क्रू होते, आत रिकामा स्लॉट होता, आणि त्यात काय बसवायचं हे ठरवायचा हक्क मालकाचा होता. ते मशीन गोंदानं बंद केलेलं असतं, तर जिस्ट कार्ड बसलं कुठं असतं?

स्टोरेज : जागा वाढली, पण वाचता येतंय का?

तिसरी गोष्ट साठवणीची. १९५६ मध्ये आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क विकायला काढली. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, आणि मावायची सुमारे ५० लाख अक्षरं. वजन टनाच्या घरात. आपल्या पिढीच्या आधीच्यांनी १.४४ एमबीची फ्लॉपी वापरली. आज एक टीबीची एसएसडी च्युइंगगमच्या पट्टीएवढी येते आणि तिच्यात तसल्या सुमारे ६ लाख ७८ हजार फ्लॉपी मावतील. ही जादू ज्या नँड फ्लॅश मेमरीवर चालते, ती तोशिबात फुजिओ मासुओका यांच्या कामातून ८०च्या दशकात पुढं आली. तुमच्या फोनमधलं स्टोरेज तेच.

आता एक गमतीचा हिशोब. इस्कीमध्ये मराठीच्या एका चिन्हाला एक बाइट लागायचा. आज युनिकोडच्या यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट लागतात. म्हणजे तोच मजकूर तिप्पट जागा खातो. पण ही तिप्पट जागा फुकट जात नाही. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली, तीही इस्कीच्याच मांडणीवर बेतून. तेव्हापासून 'क' हा जगातल्या कुठल्याही मशीनवर 'क'च राहू शकतो.

मधल्या काळात काय झालं हे डीटीपीवाल्यांना विचारा. प्रत्येक सॉफ्टवेअरचा आपापला फॉन्ट, आपापले क्रमांक. लग्नपत्रिका, तालमीच्या स्मरणिका, साखर कारखान्यांचे अहवाल, पेठेतल्या मंडळांची पत्रकं, किती मजकूर त्या पद्धतीत बसला आहे! फाइल सलामत आहे, हार्ड डिस्क सलामत आहे, पण तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. म्हणून नवी एसएसडी बसवली की काम झालं असं समजू नका. जुन्या डिस्कवरचा मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवणं हासुद्धा स्टोरेज अपग्रेडचाच भाग आहे. नाहीतर आजोबांचं बाड नव्या कपाटात ठेवायचं आणि किल्ली विहिरीत टाकायची, असा प्रकार.

आणि आता तो लॅपटॉप

ज्याच्यावर हा भाग एडिट होतोय त्या मशीनकडं येऊ. थिंकपॅड डब्ल्यू५३०, २०१२ सालचं वर्कस्टेशन. जुनं, सेकंडहँड घेतलेलं. वर्कस्टेशन लॅपटॉप म्हणजे इंजिनिअर, आर्किटेक्ट, एडिटिंगवाले यांच्यासाठी बनलेला जाडजूड गडी. वजनाला भारी, पण खोलायला सोपा.

थिंकपॅड १९९२ मध्ये आयबीएमनं आणला. रिचर्ड सॅपर या डिझायनरनं जपानी जेवणाच्या काळ्या डब्यावरून त्याचं रूप घडवलं असं सांगतात. मधला लाल ठिपका टेड सेल्कर यांच्या कामातून आला, टाइप करताना हात न उचलता कर्सर हलवता यावा म्हणून. २००५ मध्ये हा व्यवसाय लेनोवोकडं गेला. २०११ च्या डब्ल्यू५२० पर्यंत कीबोर्ड सात ओळींचा होता. २०१२ मध्ये सहा ओळींचा, सपाट सुट्ट्या कळांचा आला. जगभरच्या जुन्या वापरणाऱ्यांनी एवढी कुरकुर केली, की २०१७ मध्ये पंचविसाव्या वाढदिवसाला कंपनीनं सात ओळींचा कीबोर्ड असलेलं खास मॉडेल काढलं.

पण हौशी लोक २०१७ पर्यंत थांबले नव्हते. त्यांच्या लक्षात आलं, की जुन्या पिढीचा कीबोर्ड नव्या पिढीच्या खाचेत बसतो, जोडणीही तीच. फक्त कडेचे प्लॅस्टिकचे छोटे दात कानसावे लागतात, आणि बॅकलाइटला वीज देणाऱ्या पिनांवर इन्सुलेशनची चिकटपट्टी लावावी लागते, नाहीतर शॉर्ट होण्याची भीती. यांत्रिक भाग झाला. मग काही कळा भलतंच काम करतात, कारण कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपला जुनी मांडणी ठाऊक नसते. हौशी लोकांनी त्या चिपचं फर्मवेअर बदलायची युक्ती शोधली आणि सगळ्यांसाठी मोकळी ठेवली. मी माझ्या मशीनवर हेच केलं. वर देवनागरीची पारदर्शक स्टिकरं लावली, इन्स्क्रिप्टची.

डिस्प्लेचं सांगतो. या मॉडेलबरोबर वेगवेगळे पडदे मिळायचे. माझ्याकडं आला तो १३६६ बाय ७६८ चा, म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपके. त्याजागी १९२० बाय १०८० चा बसवला, म्हणजे वीस लाखांच्या पुढं, जवळपास दुप्पट. इथं एक खाचखळगा आहे. त्या काळचे पडदे एलव्हीडीएस जोडणीचे, नंतरचे ईडीपीचे. दोन्हींच्या तारा एकमेकांत चालत नाहीत. म्हणून पडदा मागवताना इंच बघून भागत नाही, मागच्या लेबलवरचा पार्ट नंबर आणि जोडणी बघायची. फरक कुठं जाणवला? जोडाक्षरांत. 'ष्ट्र' मधला ट आणि खालचा रकार आता वेगळे दिसतात. सीजीएच्या आठ ठिपक्यांपासून इथवरचा प्रवास डोळ्यांपुढं उभा राहतो.

स्टोरेज सगळ्यात सोपं. अडीच इंची सॅटा डिस्कच्या जागी तेवढीच एसएसडी. शिवाय आत एक एमसॅटाचा स्लॉट, आणि डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथं कॅडीत अजून एक डिस्क. मेमरीला चार स्लॉट, ३२ जीबीपर्यंत. २०१२ च्या मशीनमध्ये! काम करताना बॅटरी काढून ठेवायची, स्क्रू कुठला कुठला ते कागदावर चित्र काढून त्यावरच ठेवायचे, आणि जुनी डिस्क कॉपी तपासल्याशिवाय पुसायची नाही. राजारामपुरीतल्या दुकानांत चक्कर मारलीत, तर हे सगळं करून देणारी, आणि तुम्ही स्टुलावर बसून बघत राहिलात तर शिकवणारीही पोरं भेटतात.

मग यात अडलंय काय?

अडलंय असं, की अशी मशीन आता कमी होत चालली आहेत. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डालाच डाखलेली असते, काहींत स्टोरेजसुद्धा. कीबोर्ड वरच्या सांगाड्याला रिबिटनं ठोकलेला, बॅटरी चिकटवलेली. एक कळ गेली तरी अर्धं मशीन बदला. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. डब्ल्यू५३० सारखी कितीतरी धडधाकट मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. लिनक्स त्यांच्यावर मजेत चालतं, माझ्यावर विश्वास ठेवा, पण हे ठाऊक नसलेला माणूस ते भंगारात देतो. त्याच वेळी शेजारच्या गल्लीतली एखादी पोरगी इंजिनिअरिंगला लागलीय आणि घरी लॅपटॉपचं बजेट नाही. हे दोघं एकमेकांना भेटत नाहीत, ही खरी अडचण.

याबद्दल हालचाल सुरू आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर पोर्टलही काढलं. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून फोनसारख्या वस्तूंची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी असा नियम लागू व्हायचा आहे. काहींचं म्हणणं असतं, की पातळ आणि पाणी न शिरणारं मशीन हवं तर ते बंदच असणार. यात तथ्य आहे. फोन पावसात भिजू नये असं आपल्यालाही वाटतंच, त्यात कोल्हापूरचा पाऊस! पण मालकाला निदान डिस्क आणि बॅटरी बदलता यावी, एवढी जागा त्यात ठेवणं अशक्य नाही.

फोनवर ऐकणाऱ्यांना एक गोष्ट सांगायलाच हवी. तुमच्या फोनला कीबोर्ड कळांचा नाही, चित्राचा आहे. म्हणून तो क्षणात बदलता येतो. आयआयटी मुंबईनं केलेला 'स्वरचक्र' कीबोर्ड बघा, अक्षर दाबून धरलं की भोवती मात्रांचं चक्र उघडतं. इन्स्क्रिप्टही बहुतेक फोनवर मिळतो. म्हणजे कीबोर्ड तुमच्या हातात आहे, डिस्प्ले आणि स्टोरेज मात्र कंपनीच्या हातात. तीनपैकी एक.

तर यापुढं लॅपटॉप घ्याल, नवा किंवा जुना, तर दुकानदाराला रंग आणि कंपनी विचारायच्या आधी तीन प्रश्न विचारा. स्टोरेज स्लॉटमध्ये आहे की डाखलंय? कीबोर्ड सुटा बदलता येतो का? पडद्याचा पार्ट नंबर काय, आणि तो बाजारात मिळतो का? उत्तर देताना दुकानदार घुटमळला, तर पुढच्या दुकानात जा. आणि घरात जुनं मशीन पडून असेल तर भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी एकदा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसा. आत बघितल्याशिवाय ते काय काय होऊ शकतं हे कळत नाही. आनंदराव आणि बाबूरावांनी एका प्रोजेक्टरमध्ये कॅमेरा बघितला होता, भावांनो.

तुमच्याकडं जिस्ट कार्डाच्या, मराठी टाइपरायटरच्या किंवा जुन्या डीटीपीच्या दिवसांच्या आठवणी सांगणारं कुणी घरात असेल, तर त्यांचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. ती माणसं सांगतायत तोवर ऐकून घेऊ. भेटू पुढच्या भागात. राम राम!